दोनशे एकावी वस्तू

मशीनच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवळात काढतात तशाच, फक्त इथे कारण धुळीचं होतं. अंधेरी पूर्वेच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटीत खालच्या मजल्यावर पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना होता, त्याच्या शेजारी छापखाना आणि दुसऱ्या मजल्यावर आम्ही. दिवसभर खालून पत्रा कापल्याचा आवाज यायचा. मशीनच्या खोलीचं दार लागलं की तो थांबायचा आणि एसीची घरघर ऐकू यायची. मला त्या खोलीत पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी इतकी बावरले होते की चपलांबरोबर पर्ससुद्धा बाहेर ठेवली. आमच्या त्या लहानशा कंपनीचे मालक दामले सर म्हणाले, "पर्स आण गं आत. ती कुठे रस्त्यावरून चालत आलीये?"

त्याआधी मी बाहेरच्या मोठ्या खोलीत पंचिंगला होते. पंचिंग म्हणजे कागदांचे गठ्ठे समोर ठेवायचे आणि त्यांच्यावरचे आकडे नि नावं दिवसभर मशीनमध्ये भरायची. बाहेर हिरव्या अक्षरांचे सहा पडदे होते, त्यांना आम्ही टर्मिनल म्हणत असू. प्रत्येकासमोर एक बाई बसायची आणि सगळ्यांच्या तारा भिंतीतल्या भोकातून आतल्या एकाच मशीनला जायच्या. पहिल्या टर्मिनलवर मंगलताई बसत. त्या माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या, कंपनीत सर्वांत जुन्या आणि बोटं अशी चालत की बघणाऱ्याला काही दिसतच नसे. मला त्यांनीच शिकवलं. माझ्या दोन्ही हातांवर रुमाल टाकला आणि म्हणाल्या, "आता टाइप कर. बघायचं नाही. भाकरी थापताना बघतेस का हाताकडे?" मी थापतानाही बघत असे, पण ते सांगितलं नाही.

माझा मूळचा स्वभावच उचापती. घड्याळ उघडून बघ, इस्त्री उघडून बघ, असली कामं मी लहानपणापासून केली होती आणि त्याबद्दल भरपूर मारही खाल्ला होता. बाहेर बसून आकडे भरताना मला सारखं वाटायचं, हे आत जाऊन नेमकं काय होतं? सहा जणी एकाच वेळी भरतात, मग आत गर्दी होत नाही का? कपाटात प्रोग्रॅमिंगचं एक जाड पुस्तक धूळ खात पडलं होतं, ते मी पिशवीत घालून घरी न्यायला लागले. सहासात महिन्यांनी सरांना एक लहानसा प्रोग्रॅम लिहून दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि मला काचेच्या तावदानापलीकडे, मशीनच्या खोलीत बसवलं. मात्र तेव्हाच सांगून ठेवलं की हे तात्पुरतं आहे, जमलं तर ठीक, नाहीतर बाहेरची खुर्ची आहेच.

घरी कोणाला हा फरक कळला असं वाटत नाही. आम्ही जोगेश्वरीला गुंफांच्या बाजूला एका दुमजली चाळीत राहायचो. गिरणी बंद झाल्यापासून बाबा गॅलरीत बसून शिलाई मशिनी दुरुस्त करत. आमच्या घराचा आवाज म्हणजे मशीन तेल घालून फिरवून बघतानाचा टकटकाट, आणि त्यावरून आईची मालवणी. आईला मी सांगितलं, "मला आतल्या खोलीत घेतलं." ती म्हणाली, "आत वारो येता काय?" मी म्हटलं, एसी आहे. मग ती खूश झाली. तिच्या हिशेबी ती खरी बढती.

आत माझ्याबरोबर अशोक होता. अशोक माझ्याच वयाचा, तारा, सोल्डरिंग, प्लगा असलं सगळं तो बघायचा. त्याचा आतेभाऊ परदेशात शिकायला होता. एकदा त्याच्या पत्रात दोन परिच्छेद असे आले की तिकडे विद्यापीठात मुलं मशीनवर एक खेळ खेळतात. चित्र वगैरे काही नसतं, नुसती अक्षरं. 'तू एका गुहेत आहेस, उत्तरेला वाट आहे' असं पडद्यावर येतं, आपण 'उत्तर' टाइप केलं की पुढची जागा येते. आणि गंमत अशी की त्याच गुहेत दुसऱ्या टर्मिनलवरचा माणूसही फिरत असतो. तो आला की 'अमुक इथे आहे' असं दिसतं आणि त्याच्याशी बोलता येतं. मी ते पत्र अशोककडून तीनदा मागून वाचलं. मला रात्रंदिवस एकच प्रश्न पडला, की त्या दोघांना एकच गुहा कशी दिसत असेल? आताची मुलं याला सर्व्हर म्हणतात, खेळ कोणीतरी कुठेतरी चालवत असतो हे गृहीतच धरतात. आमच्याकडे तेव्हा शब्दही नव्हता आणि विचारायला माणूसही नव्हता.

संधी आपोआप आली. एका पतपेढीचं काम मिळायचं होतं. त्यांची माणसं एका शुक्रवारी येऊन मशीन बघणार होती. सहाही टर्मिनलं एकदम वापरली तर मशीन टिकतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पण पतपेढीचा प्रोग्रॅम अजून तयार नव्हता, मग सहा जणींनी एकदम वापरायचं काय? मी धीर करून सरांना खेळाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "खेळ म्हणू नकोस. टेस्टिंग म्हण." रोज एक ते पावणेदोन, कामाच्या वेळात, असं ठरलं.

गुहा मात्र मी घातली नाही. जोगेश्वरीच्या गुंफा मी लहानपणापासून पाहिल्या होत्या. आत वटवाघळांचा वास आणि पायाखाली ओल. त्या अंधारात जायची मला कधी हौस नव्हती. मला जी जागा तोंडपाठ होती तीच मी लिहिली, एक दुमजली चाळ. एकेका मजल्यावर सहा खोल्या, मध्ये गॅलरी, खाली नळ, वर गच्ची. सगळं मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. सुरुवातीला प्रत्येकीला आपली वेगळीच चाळ दिसायची आणि तिच्यात ती एकटीच. म्हणून मी मशीनमध्ये एक सामाईक वही ठेवली. कोण कुठे आहे, कोणती वस्तू कुठे आहे, हे सगळ्यांनी त्याच वहीत लिहायचं. मग दोघींनी एकदम लिहिलं की गिचमिड व्हायला लागली. त्यावर मी आमच्या चाळीतलाच उपाय केला. सामाईक संडासाची किल्ली खिळ्याला टांगलेली असते, ज्याच्या हातात किल्ली तो आत, बाकीचे बाहेर. तशी वहीची किल्ली केली. दुसऱ्याच दिवशी एकीने किल्ली हातात असताना टर्मिनल बंद केलं आणि उरलेल्या पाचजणी बाहेर ताटकळत उभ्या राहिल्या. तेही निस्तरलं. हे सगळं करताना मला जेवणाची शुद्ध नसायची. इतका निर्भेळ आनंद मला पुढे फार थोड्या कामांनी दिला.

अशोकच्या आग्रहाखातर गच्चीवर एक तलवार ठेवली होती आणि नळापाशी खजिना. बायकांनी पहिल्याच दिवशी दोन्ही पाहिलं आणि सोडून दिलं. "तलवार घेऊन करू काय? ठेवू कुठे?" असं एकीने मला काचेपाशी येऊन विचारलं. पहिला आठवडा त्या नुसत्या फिरल्या. कोणाची खोली कुठली ते ठरवून घेतलं, दाराशी उभ्या राहून टाइप करून गप्पा मारल्या, वास्तविक खुर्च्या शेजारी शेजारी होत्या तरी. मग शनिवारी, वेळ संपता संपता, कोणाला तरी वाटीचा शोध लागला. मी प्रत्येक खोलीत एक वाटी ठेवली होती आणि 'भर' अशी आज्ञा लिहिली होती. 'भर वाटी साखर' असं म्हटलं की वाटीत साखर यायची. माझी कल्पना अशी की शेजारीण साखर मागायला येईल, घेऊन जाईल, आपल्या डब्यात ओतेल आणि संपलं. काय काय भरता येईल त्याची यादी करायचा मला कंटाळा आला, म्हणून भरच्या पुढे जे टाइप कराल ते वाटीत येईल असं करून टाकलं. मग काय विचारता, चाळीत रवालाडू आले, शंकरपाळी आली, सुरळीच्या वड्या आल्या. रोज सकाळी मी चाळ नव्याने उभी करत असे आणि सोमवारपासून एक वाजला की सहाही घरांतून स्वयंपाक सुरू होई.

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी, एक वाजून पंचवीस मिनिटांनी, मंगलताई नाहीशा झाल्या. म्हणजे खुर्चीवर होत्या, चाळीतून गेल्या. त्यांच्या जागी पडद्यावर ओळ आली, 'रवालाडू इथे आहे. रवालाडू काही बोलत नाही.' सगळ्या हसायला लागल्या. एकीने रवालाडूला नमस्कार केला. आणि तेवढ्यात सहाही टर्मिनलं गोठली. कोणाचं एक अक्षर उमटेना. आतलं मशीन बंद करून परत चालू करावं लागलं आणि त्यात सकाळचं पंचिंगही थोडं गेलं.

मंगळवारीही तेच, त्याच सुमाराला. पुन्हा मंगलताईच गेल्या, यावेळी त्यांची चकली झाली. आता कोणी हसलं नाही. अशोकने स्टॅबिलायझर तपासला, एसीचं पाणी बघितलं. मग बायका जेवायला गेल्यावर सर, मी आणि अशोक, प्रत्येकी दोन टर्मिनलं घेऊन बसलो आणि अर्धा तास चाळीत फिरलो, वाट्या भरल्या, दिल्या, घेतल्या. काही झालं नाही. मशीन निवांत. सरांनी मला विचारलं, "हे होतं तेव्हा पहिलं काय बिघडतं?" मी म्हणाले, "मंगलताईंचं टर्मिनल." ते खरं होतं. पण मी ते कोणत्या घाईने म्हणाले हे माझं मला ठाऊक आहे. प्रोग्रॅममध्ये चूक आहे असं कोणी म्हणायच्या आत मला दुसरं काहीतरी पुढे करायचं होतं. एवढ्या वर्षांनी ते लिहितानाही बरं वाटत नाही.

सर बाहेर गेले आणि सगळ्यांसमोर मंगलताईंना म्हणाले, "मंगलताई, कीबोर्ड जरा आदळता तुम्ही. उद्यापासून टेस्टिंगच्या वेळी बसू नका." मंगलताईंनी कीबोर्डवर कापड टाकलं. आत येऊन सर मला म्हणाले, "शैला, गुरुवारपर्यंत मला कारण हवंय. शुक्रवारी लोकांसमोर हे झालं तर काम गेलं. सापडलं नाही तर आतलं अशोक एकटा बघेल, तू बाहेर पंचिंगला." आवाज चढवला नाही. त्यांना आवाज चढवावाच लागत नसे.

बाहेर जायची मला एवढी भीती का वाटावी? काम वाईट नव्हतं, माणसं चांगली होती. पण आत बसल्यापासून मला आत काय चालतं ते दिसायला लागलं होतं, आणि एकदा दिसल्यावर परत गठ्ठ्याकडे बघत बसणं माझ्याने झालं नसतं. त्या दिवशी मी अंधेरीपासून जोगेश्वरीपर्यंत चालत गेले आणि वाटेत वही, किल्ली, खोल्या, सगळं मनात पुन्हा पुन्हा उलगडून पाहिलं. काही हाती लागलं नाही.

बुधवारी पाच जणीच खेळल्या. मंगलताई खिडकीपाशी स्टुलावर बसून खालच्या रस्त्याकडे बघत होत्या. पहिलं टर्मिनल बंद होतं, त्याची वायरसुद्धा अशोकने काढून ठेवली होती. एक पंचवीसला काही झालं नाही. मी श्वास सोडला. एक पस्तीसला चाळीच्या पहिल्या खोलीत कोणीतरी प्रकट झालं. 'शंकरपाळी इथे आहे. शंकरपाळी काही बोलत नाही.' बंद टर्मिनलवरून, रिकाम्या खुर्चीतून. पाठोपाठ सगळं गोठलं. सर्वांनी वळून मंगलताईंकडे पाहिलं, त्या दहा हातांवर खिडकीत बसलेल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला काचेच्या आत असूनही तोंड लपवावंसं वाटलं.

त्या दिवशी मात्र एक काम मी केलं होतं. पाच जणी जे जे टाइप करतील ते सगळं आतल्या प्रिंटरवर छापून निघेल अशी सोय सकाळीच केली होती. भोकाभोकाच्या कडांचा तो लांबलचक कागद मी घडी घालून घरी आणला आणि जमिनीवर पसरून बसले. आई समोर नारळ खवत होती. चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, कुळथाची पिठी रटरटत होती आणि सुका जवळा भाजल्याचा वास सगळ्या मजल्यावर गेला होता. बाबा गॅलरीतून म्हणाले, "तिका जेवूक दी आधी." पण मला जेवण सुचत नव्हतं. मी ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत होते, कारण मोठ्याने वाचलं की चूक कानाला लागते असं मला वाटायचं.

"काय गो ह्यां? कुणाची पत्रां वाचतंस?" आईने विचारलं. मी म्हटलं, ऑफिसातल्या बायकांचं आहे. एवढं म्हटल्यावर आईने खवणी जवळ ओढली. मी वाचत गेले. तिसऱ्या खोलीतल्या बाईने पाचवीला वाटीतून लाडू दिले. पाचवीने ते काढून ठेवले, वाटीत चिवडा भरला आणि वाटी परत केली. तिसरीने चिवडा काढून ठेवला, वाटीत वड्या भरल्या आणि सहावीकडे गेली. सहावीने त्याच वाटीत शंकरपाळी घालून पाठवली. आई मान डोलवत ऐकत होती. "बरोबर आसा," म्हणाली. "चांगल्यो बायो आसत." तिला हे अगदी रोजचं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. आमच्या घरात आलेलं भांडं रिकामं परत गेलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. काहीच नसलं तर आई त्यात चिमूटभर साखर घालायची आणि ओशाळून द्यायची.

पानभर वाचून झालं. आई खवायची थांबली. "इतक्यो वाट्यो फिरतत," ती म्हणाली, "पण खाल्ल्यान कोणी?"

मी म्हटलं, "खायची सोयच नाहीये."

"मगे? सगळा नासतला ना."

मी कागदाकडे बघत राहिले. नासत नव्हतं, हीच तर गोष्ट होती. काही नासत नव्हतं, संपत नव्हतं, कोणी डब्यात ओतत नव्हतं, कारण लाडू साखरेच्या डब्यात कोण ओतेल? एक वाटी गेली की एक जिन्नस वाढायचा, ती परत आली की आणखी एक. मी पेन्सिल घेतली आणि भरच्या ओळी मोजल्या. एकशे एकसष्ट. सकाळी चाळीत मी ठेवलेल्या वस्तू चाळीस. सामाईक वहीत वस्तूंसाठी मी दोनशे घरं आखली होती. दोनशे म्हणजे चिक्कार झाली असं वाटून मोजायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. आणि वस्तूंची घरं संपली की त्याला लागूनच माणसांची सुरू व्हायची. पहिलं घर पहिल्या टर्मिनलचं, म्हणजे मंगलताईंचं. दोनशे एकावी वस्तू सरळ जाऊन मंगलताईंच्या घरात बसत होती, त्या असोत वा नसोत. मग माणूस समजून तिला हलवायला गेलं की प्रोग्रॅमचं डोकं फिरायचं.

आणि आम्ही तिघांनी तपासलं तेव्हा काही का झालं नाही, हेही त्याच क्षणी कळलं. सर नि अशोक दोन दोन बोटांनी टाइप करणारे, आणि माझा वेळ दोन कीबोर्डांमध्ये इकडून तिकडे सरकण्यात गेलेला. अर्ध्या तासात आमच्याने पन्नास वाट्यासुद्धा झाल्या नसतील. त्या बायकांना पंचवीस मिनिटं पुरायची, कारण त्यांची बोटं पंचिंगची होती. मंगलताई नसताना चाळ दहा मिनिटं जास्त टिकली, कारण सगळ्यांत जास्त वाट्या त्याच भरत. कीबोर्ड आदळण्याशी कशाचाच संबंध नव्हता. मला आनंद झाला, अगदी उठून नाचावं असा. आणि लगेच मंगलताईंचा तो खिडकीतला चेहरा आठवला आणि मी कागदाची घडी घातली. आईने वाढलं तेव्हा मी मुकाट्याने दोनदा पिठी घेतली. एक लहानसा प्रश्न विचारून तिने मला वाचवलं होतं, हे मी तिला नीट समजावून कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी मी दोन गोष्टी केल्या. 'खा' ही आज्ञा लिहिली, म्हणजे खाल्लेली वस्तू वहीतून जाईल. आणि दोनशे घरं भरली की पडद्यावर यावं, 'घरात जागा नाही. आधी काहीतरी खा.' मग सरांकडे गेले. "सर, कारण सापडलं. चूक माझ्या प्रोग्रॅमात होती."

"मंगलताईंचं टर्मिनल?"

"नाही सर. त्यांचा काही संबंध नाही. मी चुकीचं सांगितलं."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. वाट्यांचं ऐकताना त्यांच्या तोंडाच्या कडेला हसू आलं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही. म्हणाले, "बरं. आज टिकलं तर तू आत." मंगलताईंना जाऊन ते काही बोलतील असं मला वाटलं, पण ते बोलले नाहीत. म्हणून मी गेले. त्या गठ्ठा लावत होत्या. मी सांगितलं की चूक माझी होती आणि मंगळवारी मीच तुमचं नाव घेतलं. त्या गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ करत म्हणाल्या, "मला माहीत होतं. बारा वर्षं हे करतेय शैला, माझ्या हाताने मशीन बिघडत नाही." आणि थोड्या वेळाने, "खायचं केलंस म्हणतेस? बरं झालं. मला वाटायचंच, ही मुलगी नुसतं करायला लावते."

त्या दिवशी सहा जणी बसल्या. पंचवीस मिनिटं झाली, चाळीस झाली, पावणेदोन वाजले. चाळ उभी राहिली. शुक्रवारी पतपेढीची चार माणसं आली, बाहेर फिरली, सहाही टर्मिनलं चालताना पाहिली, चहा घेऊन गेली आणि काम मिळालं. संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. "तू आत. आता तात्पुरतं नाही," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याच सुरात म्हणाले, "सोमवारपासून पतपेढीचं काम चढवायचं. जागा लागेल. ती चाळ उद्या पुसून टाक. टेस्टिंग संपलं."

 एखादा आठवडा राहू द्या, फ्लॉपीवर काढून ठेवते, काहीही म्हणता आलं असतं. मला खुर्ची मिळाली होती आणि ती हातची जाईल या भीतीने मी "हो सर" म्हणाले. आता या वयात मला त्या मुलीचा राग येत नाही, पण अभिमानही वाटत नाही. त्या चाळीची एक ओळसुद्धा आज माझ्याकडे नाही.

शनिवारी मी बाहेर जाऊन सांगितलं की आज शेवटचं.  मग एकजण म्हणाली, "आणि ते एवढं सगळं केलेलं?" गुरुवारपासून मी चाळ नव्याने उभी केली नव्हती, त्यामुळे वहीतली दोनशेही घरं भरलेली होती, बहुतेक खाण्यानेच. त्या वेळी तरी घराघरांतून अन्न टाकायची पद्धत नव्हती. "मग बसा," मंगलताई म्हणाल्या. "संपवून उठू."

मी आत माझ्या पडद्यावर वहीतला आकडा बघत होते. एक वाजता दोनशे होता. मग उतरायला लागला. एकशे साठ, एकशे दहा. त्या एकमेकींच्या दारात जाऊन बसत होत्या, वाढत होत्या, आग्रह करत होत्या, 'अजून एक घे गं' असं टाइप करत होत्या. बाहेरच्या खोलीत फक्त बोटांचा आवाज होता. तलवार, खजिना, रिकाम्या झालेल्या वाट्या असल्या खाता न येणाऱ्या गोष्टी मी आतून काढून टाकल्या. चाळीस. बारा. एकेक जण खुर्चीला टेकून हात मांडीवर ठेवून बसली. शेवटी आकडा एकावर थांबला. पहिल्या खोलीत एक करंजी उरली होती.

दीड वाजता सर दारात आले. "झालं का शैला? पुसून टाक."

मी काचेतून मंगलताईंकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही. "सर, मी जेवतेय," त्या म्हणाल्या.

 पानावर बसलेल्या माणसाला उठवायचं नसतं, हे त्यांनाही घरी शिकवलेलंच होतं. ते दारातच उभे राहिले. मग खिडकीपाशी गेले, स्टूल ओढलं आणि बसले. बाहेर सात माणसं आणि काचेच्या आत अशोक नि मी, अशी सगळी त्या एका करंजीसाठी थांबलो. मंगलताईंनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले होते. बारा वर्षांत त्यांची बोटं एवढा वेळ थांबलेली कोणी पाहिली नसतील. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता, आणि त्या जेवढा वेळ लावतील तेवढा लावू देत असं वाटत होतं.

मग त्यांनी टाइप केलं. माझा आकडा शून्यावर आला. मी आज्ञा द्यायला हात पुढे केला, तोच पडद्यावर त्यांची आणखी एक ओळ आली. 'हात धुते.' प्रोग्रॅमला ते ठाऊक नव्हतं. 'हे मला समजलं नाही,' असं त्याने लिहिलं.

मंगलताईंनी ते वाचलं, काचेतून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंही घातलं नाहीस ना गं." मग त्या खुर्ची आत सारून उठल्या, आणि मी पुसलं.